आठ दिवसांचा लॅपटॉप

सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७. रक्कम एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार रुपये, विक्रीकर वेगळा. हजर चौघं: आमच्या डाळिंब उत्पादकांच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, सर्वांत जुने संचालक तात्या, पुण्याहून आलेला विक्रेता, आणि मी, संस्थेचा हिशेबनीस. जागा बारामतीच्या कडेला असलेल्या आमच्या पॅकिंग शेडमधलं ऑफिस.

विक्रेत्यानं चामड्याच्या बॅगेतून एक काळी, चपटी वस्तू काढली, टेबलावर ठेवली आणि तिचं झाकण उघडलं. तात्या खुर्चीतून अर्धे उठले, वस्तूकडे पाहिलं, पुन्हा बसले.

"एवढंसंच? अजून थोडं टाकलं तर नवा ट्रॅक्टर येतोय की."

"तात्या, ट्रॅक्टर मांडीवर घिऊन मिटिंगला बसता येत न्हाय," आबा म्हणाले.

आबांच्या मनात ही वस्तू महिनाभर होती. मुंबईला निर्यातदारांच्या एका बैठकीत शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेच्या माणसानं मांडीवर असाच लॅपटॉप उघडला आणि विचारलेला प्रत्येक आकडा जागेवर सांगितला. आबांना विचारलं तेव्हा त्यांना म्हणावं लागलं की बारामतीला जाऊन कळवतो. ते वाक्य त्यांना लागलं होतं. परत आल्यावर दोन-तीन वेळा तरी त्यांनी ते मला म्हणून दाखवलं.

विक्रेता तरुण होता, हुशार होता. वजन एक किलो नऊशे ग्रॅम, बॅटरी तीन तास, पडदा रंगीत, ऑफिसातला आमचा संगणक जे करतो ते सगळं हा करणार आणि दुप्पट वेगानं, असं त्यानं सांगितलं. आठ दिवस वापरून बघा, पुढच्या सोमवारी मी येतो, पसंत पडला तर चेक द्या, नाही तर यंत्र घेऊन जाईन, असा त्याचा प्रस्ताव होता.

आबा माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, वापरा आन टिपण लिवा. तुमी लिवलं घ्या, तर घ्यायचं. तुमी लिवलं नगं, तर विषय बंद."

इथं माझी बाजू सांगायला हवी, कारण ती मी त्याच दिवशी आबांनाही सांगितली होती.

माझी पत्नी निमगाव केतकीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मुलगी दुसरीत, आईच्याच शाळेत. त्या दोघी तिथं दोन खोल्यांच्या घरात राहायच्या आणि मी बारामतीत कसब्यात एका भाड्याच्या खोलीत. अंतर एसटीनं सव्वा तासाचं. पण आमचा माल रोज वाशीच्या बाजारात जायचा आणि तिथले अडते संध्याकाळी सातनंतर फोनवर भाव सांगायचे. मग प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी करायची: कोणत्या प्रतीच्या किती पेट्या, कोणत्या भावानं गेल्या, त्यातून मोटारभाडं, हमाली आणि अडत वजा जाऊन हातात काय पडलं. अशा शंभरावर पट्ट्या सकाळी शेतकरी यायच्या आत छापून तयार पाहिजेत. संगणक चालवणारा मी एकटा. निमगावकडची शेवटची गाडी भाव येण्याच्या आधीच सुटलेली असायची. रविवारी बाजार बंद, म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं घरी जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचो. आठवड्यातली एकच रात्र मी माझ्या घरात झोपायचो. डाळिंबाला बहार तीन. एक संपला म्हणेपर्यंत दुसऱ्याची फळं यायची. अशी पाच वर्षं झाली होती.

हा लॅपटॉप आला तर मला रोज घरी जाता येणार होतं. साडेपाचच्या गाडीनं निमगाव, तिथल्या टेलिफोन बूथवरून अडत्यांना फोन, रात्री घरात बसून पट्ट्या, सकाळी फ्लॉपीवर घेऊन बारामतीत येऊन छापायच्या. मी हे आकडे विक्रेता बोलत असतानाच मनात मांडले होते.

"आबा," मी म्हणालो, "हे यंत्र घेतलं तर मला रोज घरी जाता येईल. माझा यात फायदा आहे. टिपण दुसऱ्या कुणाकडून घ्या."

आबा हसले. "दुसरं कोण हाय? तात्या लिवत्याल का? आन तुमचं भलं झालं म्हंजे संस्थेचं वाटोळं व्हतंय व्हय?"

"घरी न्हिऊनच बघा," तात्या म्हणाले. "बैल घेताना आपल्या रानात जुपूनच बघत्यात."

पहिली तपासणी वजनाची झाली, कारण काटा शेजारीच होता. पेट्या तोलण्याच्या काट्यावर मी लॅपटॉप ठेवला. एक किलो नऊशे, ग्रॅमभरही फरक नाही. विक्रेता खूश झाला. मग मी चार्जर ठेवला. फ्लॉपी यंत्राच्या आत नव्हती, तिचा वेगळा डबा होता, तो ठेवला. वायरी ठेवल्या आणि शेवटी चामड्याची बॅग. तीन किलो सातशे.

"सर, मी सांगितलं ते फक्त मशीनचं वजन," विक्रेता म्हणाला.

"म्हंजे पेटी, पेंढा, सुतळी सोडून निस्तं फळ," तात्या म्हणाले. "आमच्या अडत्याचं गाव कंचं हाय हे आज कळलं. तुमच्याच शेजारचं आसणार."

विक्रेता चारच्या गाडीनं पुण्याला गेला. लॅपटॉप माझ्या टेबलावर राहिला.

संध्याकाळी मी फोनवर वाशीचे भाव उतरवून घेत होतो तेव्हा तात्या पुन्हा आले. हातात नारळ, कागदाच्या पुडीत हळदकुंकू, थोडे तांदूळ, झेंडूची दोन फुलं. आमच्या शेडमधलं प्रत्येक यंत्र पूजा होऊनच सुरू झालेलं होतं. काटा, फळांची प्रतवारी करायचं यंत्र, ऑफिसातला जुना संगणक, अगदी टेलिफोनसुद्धा. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "तात्या, अजून घेतलेला नाही. नुसता बघायला आणलाय."

"बघायला गेल्याल्या पोरीलाबी कुंकू लावत्यात की."

आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून नारळ-कुंकू बंद झालेलं. तात्यांना ते माहीत होतं. "तुमी तुमचं भाव लिवा भाऊसाहेब," ते म्हणाले, "मी आटपतो. खोबरं तेवढं खावा." पलीकडून अडत्या पेट्यांचे आकडे घाईनं सांगत होता, मी पाठ वळवून लिहीत राहिलो. फोन ठेवला तेव्हा नारळ फुटला होता आणि लॅपटॉपचं झाकण उघडं होतं. तोंड बंद ठेवून पूजा करणं तात्यांना बरं वाटलं नव्हतं. कुंकवाची बोटं बटणांवर ओढलेली, अक्षता बटणांच्या मधे पसरलेल्या. मी रुमालानं जमेल तेवढं पुसून घेतलं. खोबरं खाल्लं. ते गोड होतं.

मंगळवारी मी साडेपाचच्या गाडीत बसलो. बॅग वर ठेवायचं धाडस झालं नाही, सव्वा तास मांडीवर धरून बसलो. निमगावात उतरलो तेव्हा उजेड जाऊन थोडाच वेळ झाला होता. आमचं घर पानमळ्याच्या बाजूला होतं. त्या वळणावर संध्याकाळी ओल्या मातीचा गार वास यायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्या वाटेनं इतकी वर्षं गेलो होतो, पण सकाळीच.

पत्नीनं दार उघडलं आणि माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं.

"आज मंगळवार ना? नोकरी गेली की काय?"

मागून मुलगी आली. तिनं मला पाहिलं, मग आईला विचारलं, "आई, आज रविवार आहे?"

नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही. बाबा घरी म्हणजे रविवार, हे तिचं गणित होतं आणि ते चुकीचं नव्हतं. तिनं दप्तर उघडलंच नाही. अभ्यास कर म्हटल्यावर म्हणाली, रविवारी नसतो.

बूथवरून भाव घेऊन आलो आणि पट्ट्या करायला बसलो. तिसऱ्याच पट्टीला पाचाचं बटण खाली जाईना. दाबलं की अर्ध्यावर अडायचं. हिशेबात पाचाशिवाय कसं चालणार? पेटीच पाच किलोची. मी जोर लावायला घाबरत होतो, एक लाख अठ्ठ्याहत्तर हजारांची वस्तू. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप मात्र चालूच राहिला आणि खोलीत त्याच्या पडद्याएवढाच उजेड उरला.

"सरका," पत्नी म्हणाली. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन तिनं काढली, मान वाकवून बटणाच्या कडेनं हळूच आत घातली. आम्ही तिघं त्या उजेडात डोकी जवळ आणून बघत होतो. पिनेच्या टोकाबरोबर एक तांदळाचा दाणा वर आला, कुंकवानं लाल झालेला.

"पाचाखाली तुमच्या संस्थेनं काय लपवलंय बघा," ती म्हणाली.

तात्यांची गोष्ट सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला पिन बाजूला ठेवावी लागली. मुलीनं तो दाणा मागून घेतला आणि पेन्सिलीच्या डबीत ठेवला. मी मग पट्ट्या पुऱ्या केल्या. बॅटरीनं एक तास पन्नास मिनिटं साथ दिली. टिपणाच्या कागदावर मी लिहिलं: बॅटरी सांगितली तीन तास, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी, मात्र वीज गेली तरी काम बुडत नाही, ही जमेची बाजू.

बुधवार, गुरुवार असेच गेले. त्या संध्याकाळींबद्दल लिहिण्यासारखं मोठं काही नाही आणि तरी एवढ्या वर्षांनी मला त्याच आठवतात. पत्नी शाळेतून आल्यावर आधी चूल नाही, आधी पंधरा मिनिटं पाय लांब करून भिंतीला टेकून बसते, हे मला माहीत नव्हतं. रविवारी ती तशी बसत नसे. मुलगी पाढे पायरीवर बसून म्हणते आणि सातचा पाढा आला की आवाज बारीक करते, हे माहीत नव्हतं. आठवडी बाजार उठत असतानाच मी पाहिलेला, कधीमधी रजेच्या दिवशी. भरलेल्या बाजारातून पिशवी धरून पत्नीच्या मागं चालायला मिळालं ते त्याच आठवड्यात. भाजीवाली तिला म्हणाली, "बाई, आज गडी लावलाय व्हय?" पत्नी म्हणाली, "आठ दिवस बोलीवर आणलाय. पसंत पडला तर ठेवणार."

मी एका घरात राहत होतो आणि त्या घराचे सहा दिवस मला ठाऊक नव्हते.

गुरुवारी रात्री पट्ट्या संपल्यावर मी टिपणाचा कागद काढला. एका बाजूला सोयी, दुसऱ्या बाजूला अडचणी, असे रकाने पाडले होते. बटणं लहान, दोन आकडे एकदम दाबले जातात. उन्हात पडदा दिसत नाही. वापरताना तळ तापतो. निमगावात दाब कमी असतानाही चार्जर चालतो, ऑफिसातला संगणक अशा वेळी बंद पडतो. पत्नी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"मला बघायला आलात तेव्हाही असंच टिपण लिहिलं होतं का?"

"तेव्हा आईनं लिहिलं होतं."

"आणि वजन? बॅगेसकट की बॅगेशिवाय?"

मी हसलो. ओळी मोजल्या तर सोयीची बाजू दोन ओळींनी जड होती आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्याच्या आधीच्याच सकाळी मी बारामतीत घरमालकिणीशी बोललो होतो. त्यांना मी चाची म्हणायचो. पुढच्या बाजूला त्यांच्या मुलाचं सायकलींचं दुकान होतं आणि मागची खोली माझ्याकडं, महिना साडेतीनशे. कदाचित मी खोली सोडेन, असं मी त्यांना म्हणालो. "एक तारखेपातुर नक्की सांगा," चाची म्हणाल्या. "माझ्या भाच्याचं लगीन झालंय, त्याला खोली पायजेच. पर तुमी ऱ्हानार असला तर मी त्याला न्हाय म्हणंन. तुमी आधीचं."

शुक्रवारी सकाळी ऑफिसात पोचलो तर कन्हेरीचे एक शेतकरी बाकावर बसलेले होते. वय साठीच्या पुढचं, बाग दीड एकराची, सायकलवरून यायचे. पट्टी छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली आणि घडी घातली.

"काल सांजच्याला आल्तो म्या," ते म्हणाले.

"काही काम होतं का, काका?"

"परवाच्या मालाचं हातात काय पडलं ते इचारायला. तुमी हितं असायचा न्हवं. कवाबी आलं तरी दिवा दिसायचा. काल वाचमन म्हनला, सायेब पेटी घिऊन घरला गेलं, आकडं त्यातच हाईत."

मला कळलं ते काय म्हणतायत. भाव फोनवरून वॉचमनलाही उतरवून घेता आला असता. पण शेतकऱ्याला भाव नको असतो, त्याला सगळं वजा जाऊन हातात काय राहिलं ते हवं असतं, आणि त्यावर तो ठरवतो की उद्या तोडणीला माणसं लावायची की फळ आणखी चार दिवस झाडावर ठेवायचं.

"मंग मी आज तोडाय माणसं लावली," ते म्हणाले. "आन हितं बघतो तर भाव पडल्याला. तोडल्यालं काय परत झाडाला लागत न्हाय."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे वाकून बघितलं.

"चांगला हाय. पर ह्यात माझं काय पडलंय ते मी कुठनं बघायचं?"

ते गेल्यावर मी वॉचमनला विचारलं की संध्याकाळी असे किती जण येतात. तो म्हणाला, सात-आठ तरी येतात, ह्या तीन दिवसांत येऊन परत गेले. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी घरी जात होतो याचा सगळ्यांना आनंदच झाला होता.

मी उपाय शोधला. शुक्रवारी रात्री निमगावच्या बूथवरून ऑफिसला फोन लावून वॉचमनला आकडे सांगायचे, असं ठरवलं. लाइन लागायलाच वीस मिनिटं गेली, मागं दोघं खोळंबले होते, आणि वॉचमननं उतरवून घेतलेल्या पाच आकड्यांपैकी दोन चुकले. शनिवारी मी घरी गेलोच नाही. ऑफिसात थांबलो, दिवा लावून. नऊ जण आले. मी मोजले.

रविवारी निमगावात टिपण लिहायला बसलो. दुपारची वेळ, मुलगी शेजारी खेळायला गेलेली. पत्नी समोर मेथी निवडत होती.

"काय लिहिणार?"

"घेऊ नये."

तिनं दोन-तीन काड्या निवडल्या. "तो कन्हेरीचा माणूस आलाच नसता तर?"

"तर घ्यावा असं लिहिलं असतं."

"आला असता, पण तुम्हाला काही न बोलता पट्टी घेऊन गेला असता तर?"

मी टिपणाचा कागद सरळ केला. तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला लोटल्या.

"एवढे आकडे करता तुम्ही. त्यातला एखादा आपल्या बाजूनं पडत नाही का कधी?"

"दोन ओळींनी पडत होता. गुरुवारपर्यंत."

"मग लिहा काय लिहायचं ते," ती म्हणाली. "मला वाचून दाखवू नका."

मी लिहिलं. एक पान झालं. वस्तू चांगली आहे, वेग सांगितल्याप्रमाणे आहे आणि वीज गेली तरी काम चालतं, पण आपल्या संस्थेचं काम फिरतीचं नाही. आकडा विचारायला माणूस ज्या जागी येतो त्या जागी आकडा असला पाहिजे. सबब लॅपटॉप घेऊ नये. त्याऐवजी ऑफिसात ठेवायचा नवा संगणक, वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीसह, चौसष्ट हजारांना मिळतो, तो घ्यावा. आणि पट्ट्या करायला दुसऱ्या एका माणसाला शिकवून तयार करावं. शेवटची ओळ लिहिताना माझा हात थांबला, कारण ती माझ्या फायद्याची होती. पण ती संस्थेच्याही फायद्याची होती, म्हणून ठेवली.

सोमवारी, २४ तारखेला, पुन्हा तेच चौघं त्याच टेबलाशी. आबांनी टिपण वाचलं. एकदा वाचून पुन्हा वरून सुरू केलं.

"म्हंजे मी मुंबईत परत तेच म्हणायचं. बारामतीला जाऊन कळवतो."

"नाही आबा. प्रत्येक बैठकीच्या आधी मी दोन पानांत सगळे आकडे छापून देईन. खिशात राहतील. वजन काहीच नाही."

"तुमाला घरी जायचं न्हाय व्हय?"

"जायचं आहे, आबा."

त्यांनी टिपणाची घडी करून खिशात ठेवली. "संगणक घिऊ. दुसऱ्या माणसाचं पुढच्या साली बघू. आत्ता पगाराचा बोजा नगं." आबा शब्दाचे पक्के होते, पण पुढचं साल तीन सालांनी आलं. तोवर माझ्या पत्नीची बदलीही बारामतीजवळ झाली आणि आम्ही एका घरात आलो. तेव्हा मुलगी पाचवीत होती, स्वतःची वेणी स्वतः घालायची, आणि सातचा पाढा मोठ्यानं म्हणायची गरज तिला राहिली नव्हती. आज तिच्याकडे त्या यंत्राच्या निम्म्याहून कमी वजनाचा लॅपटॉप आहे, आणि ती जिथं बसेल तिथं तिचं ऑफिस असतं. ती घरी येते तेव्हा मी तो हातात घेऊन तोलून बघतो. चार्जरसकट.

त्या सोमवारी विक्रेत्यानं लॅपटॉप परत घेताना झाकण उघडलं आणि दचकला. बटणांच्या फटीत लाल रेघा उरल्या होत्या.

"सर, हे काय? कुणाचं बोट कापलं का?"

"बोट कशाला कापंल? कुंकू हाय," तात्या म्हणाले.

"कुंकू? अहो, आता हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसा दाखवू? तुम्ही पूजा केली म्हणजे तुम्ही घेतलाच ना!"

"कुंकू लावलं म्हंजे लगीन लागत न्हाय, पाव्हणं. पोरगी बघितली, नारळ दिला, योग न्हाय आला."

सगळी बटणं काढून साफ करावी लागतील, नऊशे रुपये लागतील, असं विक्रेता म्हणाला. मी संस्थेच्या खर्चात ते धरायला तयार नव्हतो आणि आबा काहीतरी बोलणार होते, पण तात्यांनी हात वर केला. कुंकू त्यांनी लावलं होतं. घासाघीस होऊन सहाशेवर मिटलं. तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून त्याला दिल्या. विक्रेत्यानं सगळं बॅगेत भरलं, आमचा निरोप घेतला आणि गेला. टेबलावर बॅगेच्या आकाराची धूळ नसलेली जागा राहिली.

त्या संध्याकाळी साडेपाचची गाडी शेडसमोरच्या रस्त्यावरून गेली ती मी खिडकीतून पाहिली. मग भाव आले, पट्ट्या सुरू केल्या. आठच्या सुमाराला कन्हेरीचे ते शेतकरी सायकल भिंतीला टेकवून आत आले.

"दिवा दिसला," ते म्हणाले.

मी त्यांचा आकडा काढून दिला. दोन दिवस तोडणी थांबवतो म्हणाले, आणि गेले.

पुढच्या रविवारी सकाळी घरी पोचलो तर मुलगी पायरीवर बसली होती. धावत आली नाही. आधी तिनं माझे हात पाहिले. नेहमीची कापडी पिशवी होती, दुसरं काही नव्हतं.

"बाबा, आज खरा रविवार आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "खरा आहे."

"मग उद्या तुम्ही नाही."

ती उठून आत गेली आणि रविवारी नेहमी करायची तसं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.  रात्री दिवा मालवताना पत्नी म्हणाली, "पाच दिवस का होईना, बाजाराची पिशवी तुम्ही धरलीत." पाच नव्हते, चार होते. मी दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बारामतीला आलो. चाची दुकानासमोर पाणी मारत होत्या. मला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली.

"मंग? भाच्याला काय सांगू?"

"दुसरीकडं बघायला सांगा, चाची. मी राहतोय."

"बरं झालं म्हनू का वाईट झालं?" त्यांनी विचारलं. मी खिशातले भाड्याचे पैसे काढून मोजले.

सोमवार, १ डिसेंबर १९९७. मागच्या खोलीचं एक महिन्याचं भाडं, साडेतीनशे रुपये रोख, चाचींना दिलं.